नॅनोफायबर पॅचमधून कॅन्सरवर स्थानिक औषध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. एकीकडे रुग्णांचे नातेवाईक असतात, दुसरीकडे एम. फार्म., एम.डी.एस. किंवा पीएच.डी.साठी हा विषय घेतलेले विद्यार्थी. उत्तरं एकत्रच दिली आहेत, कारण दोघांनी एकमेकांचे प्रश्न वाचावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. उदाहरण मुख्यतः तोंडाच्या कॅन्सरचं घेतलं आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे तो आपल्याकडे फार दिसतो, आणि तोंड हा बोट पोचेल, पॅच लावता येईल असा अवयव आहे.

नॅनोफायबर पॅच म्हणजे नेमकं काय?

हातात घेतला तर टिश्यू पेपरचा जाडसर तुकडा वाटेल. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तंतूंची दाट गुंतवळ दिसते. एकेक तंतू बहुधा २०० ते ८०० नॅनोमीटर जाड असतो. माणसाचा केस साधारण ७०,००० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा तंतू त्याच्या दोनशे पटींहून बारीक. तंतू पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थाचा असतो आणि औषध त्याच्या अंगातच मिसळलेलं असतं. जत्रेत ‘म्हातारीचे केस’ बनताना पाहिले असतील तर कल्पना येईल. फरक एवढाच की तिथे साखर उष्णतेने आणि गरगर फिरवून ओढली जाते, इथे पॉलिमरचं द्रावण विजेच्या दाबाने ओढलं जातं. याला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात.

आज हा पॅच रुग्णालयात मिळतो का?

नाही. कॅन्सरवर नेहमीच्या उपचारात वापरला जाणारा नॅनोफायबर पॅच आज उपलब्ध नाही. कोणी तो विकत असेल तर घेऊ नका.

मात्र जवळपासची दोन कामं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली आहेत. पहिलं ओरल लायकेन प्लॅनसचं. हा कॅन्सर नव्हे, तोंडाच्या आतल्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे. त्यावर क्लोबेटासोल हे स्टिरॉइड भरलेला इलेक्ट्रोस्पिनिंगचा पॅच दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत तपासला गेला. दुसरं काम खुद्द तोंडाच्या कॅन्सरवरचं. त्यात तंतू नव्हते, कायटोसॅन या चिकटणाऱ्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध भरून त्याचा पॅच केला होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत साधारण आठवड्याभरात गाठ सरासरी ६९ टक्के लहान झाल्याची नोंद आहे. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण रुग्ण थोडे होते आणि तुलनेचा गट नव्हता. वाचताना या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

सलाइनमधून केमो देता येतो, तर मग पॅच कशाला?

हिशोब मांडून पाहू. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन दर तीन आठवड्यांनी, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम दिलं जातं. १.६ चौरस मीटर पृष्ठभागाच्या माणसाला एका वेळी १६० मिलिग्रॅम. हे औषध रक्तातून सगळीकडे फिरतं. मूत्रपिंडाला आणि कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होते, उलट्यांनी माणूस गळून जातो, आणि गाठीच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा अंश येतो. पुढे डोसच्या उत्तरात दिसेल की २ × २ सेंटिमीटरच्या पॅचमध्ये दोन मिलिग्रॅमच्या आसपास औषध बसतं, पण ते सगळं गाठीच्या अंगावरच सुटतं.

फायदा खरा आहे. पण तो जिथे औषध पोचतं तिथपर्यंतच.

औषध किती खोल जातं?

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि शोधनिबंधांत त्याला फार कमी जागा मिळते.

पॅचमधून सुटलेलं औषध ऊतीत झिरपत जातं. झिरपण्याचा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो : अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. लहान रेणूचा ऊतीतला विसरण गुणांक (झिरपण्याचा वेग सांगणारा आकडा) सेकंदाला १०⁻⁶ चौरस सेंटिमीटर धरला, तर १ मिलिमीटरसाठी साधारण दीड तास लागतो आणि ५ मिलिमीटरसाठी दीड दिवस. तेवढा वेळ औषध थांबत नाही. केशवाहिन्या ते वाटेतच उचलून नेतात. ऊतीतलं औषध दर दोन तासांनी निम्मं होतं असं मानलं, तर गणित सांगतं की दर मिलिमीटरमागे तीव्रता ३७ टक्क्यांवर येते. ३ मिलिमीटरवर ५ टक्के उरतं, ५ मिलिमीटरवर एक टक्कासुद्धा नाही. खऱ्या गाठीत हे आकडे वरखाली होतील, उताराचा आकार बदलणार नाही.

आता हे शरीराशी ताडून पाहा. गालाच्या आतल्या बाजूचा वरचा थर ५०० ते ८०० मायक्रोमीटर जाड असतो, जिभेखालचा १०० ते २००. या थरापुरता मर्यादित असलेला बदल पॅचच्या पल्ल्यात येतो. ५ मिलिमीटर खोल रुतलेली गाठ येत नाही, आणि आजच्या वर्गीकरणात ५ मिलिमीटरपर्यंतची खोली अजून ‘टी-१’ म्हणजे सर्वांत लहान गटातच धरली जाते.

औषध जास्त भरलं तर? पृष्ठभागावरची तीव्रता दसपट केली तरी या हिशोबाने खोली वाढते ती सव्वादोन मिलिमीटर. तोवर वरची ऊती जळून तिथे जखम होते.

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पॅचमुळे टळेल का?

नाही. त्याचं कारण तोंडात नाही, मानेत आहे. तोंडातली गाठ लहान असली आणि मान तपासताना हाताला काही लागलं नाही, तरी मानेतल्या लसिका ग्रंथींत कॅन्सरच्या पेशी आधीच पोचलेल्या असू शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने हे ठाशीवपणे दाखवलं. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये पहिल्या ऑपरेशनलाच मानेतल्या ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी वाढल्याचं दिसल्यावरच काढलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.

गालावर चिकटवलेला पॅच त्या ग्रंथींपर्यंत पोचत नाही. म्हणून ‘नवीन पॅच येतोय, तोवर थांबू’ असा विचार घरात चालू असेल तर तो आजच सोडून द्या. मिळालेली ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका.

मग पॅचचा खरा उपयोग कुठे आहे?

आमच्या मते सगळ्यात जवळची आणि सगळ्यात मोलाची जागा म्हणजे कॅन्सर होण्याआधीचे बदल. तोंडातला न निघणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया, किंवा त्याहून धोक्याचा लाल चट्टा. हे बदल वरच्या थरात असतात, डोळ्यांना दिसतात, पुन्हा पुन्हा तपासता येतात, आणि संपूर्ण शरीराला केमो देण्याइतकं कारण तिथे नसतं.

दुसरी जागा ऑपरेशननंतरची. गाठ काढली, पण एखाद्या कडेला पेशी उरल्याची शंका आहे, आणि ती कडा हाडाला किंवा नसेला लागून असल्याने आणखी कापता येत नाही. तिथे तंतूंचा पॅच अंथरून जखम शिवायची. इथे पॅच चिकटण्याचा प्रश्न उरत नाही, पण जखम भरण्याचा येतो, कारण जी औषधं कॅन्सरच्या पेशी मारतात तीच जखम भरणाऱ्या पेशींनाही रोखतात. शिवणीपासून पॅच किती लांब ठेवायचा हा लहान प्रश्न नव्हे.

सुपारीमुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसबद्दलही, म्हणजे तोंडाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासं होण्याबद्दलही, पुष्कळ विचारणा होते. तिथे अडचण अगदी प्रत्यक्षातली आहे. तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर मागच्या बाजूला पॅच लावायचा कसा? अशा रुग्णांसाठी पॅच लहान, लवचीक आणि पातळ पट्टीवरून सरकवून लावता येईल असा हवा. प्रयोगशाळेतल्या गोल चकत्या इथे कामाच्या नाहीत.

असं काही आधी कुठे यशस्वी झालं आहे का?

मेंदूत. ग्लायडेल नावाची चकती हे शरीरात ठेवायच्या स्थानिक केमोचं जुनं मान्यताप्राप्त उदाहरण. ती तंतूंची नाही, दाबून केलेली आहे. पॉलिअनहायड्राइड पॉलिमरच्या प्रत्येक चकतीत ७.७ मिलिग्रॅम कार्मुस्टीन हे केमोचं औषध असतं. मेंदूतली गाठ काढल्यावर पोकळीच्या भिंतींवर जास्तीत जास्त आठ चकत्या लावतात. अमेरिकेत १९९६ मध्ये पुन्हा उगवलेल्या गाठींसाठी आणि २००३ मध्ये पहिल्यांदा ऑपरेशन होणाऱ्यांसाठी तिला परवानगी मिळाली. नव्या रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेलं.

सव्वादोन महिने. ज्या घराला ते मिळतात त्याला विचारलं तर ते कमी नाहीत. पण मर्यादाही याच आकड्यात दिसते : औषध दोन-तीन आठवड्यांत संपतं, काही मिलिमीटरच जातं, आणि ही गाठ पोकळीच्या कडेलाच, पण त्याहून खोलवर पुन्हा उगवते. मेंदूला सूज येणं आणि जखमेतून मेंदूभोवतीचं पाणी झिरपणं हे त्रास वेगळेच. नॅनोफायबरकडे संशोधक वळले ते यातला वेळेचा भाग सुधारायला. कोचीच्या अमृता संस्थेतल्या गटाने वेगवेगळ्या वेगाने विरघळणारे तंतू एकत्र करून टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध दीर्घकाळ सुटत राहील असं रोपण तयार केलं आणि उंदरांच्या मेंदूतल्या गाठीवर तपासलं. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

साध्या फिल्मऐवजी (सलग, सपाट पापुद्र्याऐवजी) तंतूच का?

पृष्ठभागासाठी. ३०० नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचा पृष्ठभाग दर ग्रॅमला सुमारे ११ चौरस मीटर भरतो. म्हणजे २० मिलिग्रॅमच्या पॅचमध्ये २,२०० चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच आकाराच्या सपाट फिल्मला दोन्ही बाजू मिळून ८. शिवाय तंतूंच्या जाळ्यात ८०-९० टक्के पोकळी असते, त्यामुळे ते ओलं होताच लवचीक होऊन गालाच्या वळणावर बसतं. फिल्म ताठ राहते आणि कडेने उचकटते. मात्र हाच पृष्ठभाग पुढे डोकेदुखी होतो. ते खाली ‘पहिल्या तासात’च्या प्रश्नात पाहा.

पॅच तयार कसा करतात?

शिकताना पॉलिव्हिनाइल अल्कोहोल म्हणजे पीव्हीए घ्यावं. पाण्यात विरघळतं, स्वस्त आहे, चुका माफ करतं.

१० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम पीव्हीए घ्या, ८७-८९ टक्के हायड्रोलाइज्ड. आधी थंड पाण्यात भुरभुरवा आणि मग ८०-९० अंशांवर तीन-चार तास ढवळा. गरम पाण्यात एकदम ओतलं तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या कधीच नीट विरघळत नाहीत. द्रावण खोलीच्या तापमानाला आलं की औषध मिसळा. गरम असताना नको. बुडबुडे जाण्यासाठी रात्रभर झाकून ठेवा. सिरिंजमध्ये राहिलेला एक बुडबुडा सुईशी आला की धार तुटते आणि पॅचवर थेंब पडतो.

सिरिंज पंपावर ०.३ ते ०.५ मिलिलिटर प्रतितास वेग ठेवा. सुई २१ किंवा २२ गेजची, टोक तिरकं नको, सपाट घासलेलं हवं. सुईपासून कलेक्टर, म्हणजे तंतू जिथे गोळा होतात तो धातूचा भाग, १२ ते १५ सेंटिमीटरवर. व्होल्टेज १० किलोव्होल्टपासून हळूहळू वाढवत न्या. सुईच्या टोकाशी लोंबणारा थेंब आधी फुगतो, मग शंकूसारखा ओढला जातो आणि त्याच्या टोकातून बारीक धार सुटते. शंकू स्थिर झाला की तिथेच थांबा, बहुधा १५ ते २० किलोव्होल्टच्या दरम्यान. आणखी वाढवलं तर शंकू सुईत मागे सरकतो आणि धार फुटते. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. तासाला ०.५ मिलिलिटर म्हणजे औषध धरून सुमारे ५५ मिलिग्रॅम घन पदार्थ. तंतूंचा १० × १५ सेंटिमीटरचा पत्रा, दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिग्रॅम हवा असेल तर ७५० मिलिग्रॅम लागतात. एकही तंतू वाया गेला नाही तरी १३-१४ तास. शेवटी पत्रा निर्वात ओव्हनमध्ये कमी तापमानावर किमान एक दिवस सुकवा.

तंतूंवर मणी का पडतात?

बहुतेक वेळा द्रावण पातळ असतं. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतल्या नाहीत की पृष्ठताण जिंकतो आणि धार माळेसारखी होते. १० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर जा. त्याने सुटलं नाही तर वेग कमी करा.

तंतू कलेक्टरवर चिकटून सपाट होत असतील तर ते ओले पोचताहेत : अंतर वाढवा, वेग घटवा, आर्द्रता पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात ही तक्रार हमखास येते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की पीव्हीएचं पाणी हवेत उडेनासं होतं. पीसीएल म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या पॉलिमरला उडून जाणारं सेंद्रिय द्रावक लागतं, तिथे उलट त्रास होतो. द्रावक झटकन उडाल्याने धार थंड होते, हवेतलं पाणी तिच्यावर साचतं आणि तंतूंना भोकं पडतात. मे महिन्यात जमलेली कृती पावसाळ्यात बिघडली तर द्रावणाला दोष देण्याआधी आर्द्रतेची नोंद बघा. ती नोंद ठेवलेली नसेल तर आजपासून ठेवा.

सुईच्या टोकाशी पापुद्रा धरून ती बंद होत असेल तर द्रावक फार लवकर उडतंय. थोडं डायमिथाइल फॉर्मामाइड हे सावकाश उडणारं द्रावक मिसळल्याने उडण्याचा वेग कमी होतो, पण ते पूर्ण काढून टाकणं पुढे अवघड जातं.

कोणतं औषध कशात मिसळावं?

सिस्प्लॅटिनबाबत तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. एक, ते डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवलं जातं. छान विरघळतं, पण डीएमएसओचा रेणू औषधातल्या प्लॅटिनमला चिकटतो आणि औषधाचा जोर जातो. पेशींवरच्या चाचणीत पॅच निकामी निघतो आणि दोष पॉलिमरवर जातो. दोन, साध्या पाण्यात ठेवलं की क्लोराइड सुटून रेणू बदलतो, म्हणून ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात करावं लागतं. पण मिठाने द्रावणाची विद्युतवाहकता वाढते आणि धार अस्थिर होते, त्यामुळे व्होल्टेज नव्याने जुळवावं लागतं. तीन, कलेक्टरवर सगळेच ॲल्युमिनियम फॉइल लावतात. सिस्प्लॅटिन ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करतं. ओले तंतू थेट फॉइलवर पडू देऊ नका, स्टीलचा ड्रम वापरा. शिवाय पाण्यातली विद्राव्यता मिलिलिटरला एक-दोन मिलिग्रॅमच असल्याने १० मिलिलिटरमध्ये १०-२० मिलिग्रॅमपलीकडे जाता येत नाही. भरणा, म्हणजे पॅचच्या वजनातला औषधाचा वाटा, एक-दोन टक्क्यांवर अडतो.

५-फ्लुरोयुरॅसिल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, मोजायला सोपं आहे, २६६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात दिसतं. पण रेणू लहान असल्याने पटकन निसटतं. डॉक्सोरुबिसिन स्वतःच लाल चमकतं, म्हणून ते तंतूत सारखं पसरलंय की पृष्ठभागावर गोळा झालंय हे फ्लोरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. शिकण्यासाठी याहून चांगलं औषध नाही. ते प्रकाशापासून झाकून ठेवा. पॅक्लिटॅक्सेल पाण्याला घाबरतं, त्यामुळे पीसीएल किंवा पीएलजीए (शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर) यांच्यासोबत छान मुरतं.

पहिल्या तासातच निम्मं औषध बाहेर पडतं. काय चुकतंय?

बहुधा औषध तंतूच्या आत नाही, अंगावर आहे. विजेच्या क्षेत्रात विद्युतभारित रेणू धारेच्या पृष्ठभागाकडे सरकतात आणि द्रावक उडताना तिथेच स्फटिक होऊन बसतात. हायड्रोक्लोराइड क्षारांच्या रूपातल्या औषधांत हे सर्रास होतं. पृष्ठभाग प्रचंड, त्यात औषध पृष्ठभागावर, मग ते धुऊन निघणारच.

पहिला उपाय सोपा : भरणा कमी करा. दहा टक्क्यांवर ओघळणारं औषध पाच टक्क्यांवर बऱ्याचदा शांत होतं. दुसरा, एकात एक बसवलेल्या दोन सुया वापरून आतल्या धारेत औषध आणि बाहेरच्या धारेत नुसतं पॉलिमर द्यायचं. बाहेरचा वेग आतल्याच्या तीन-चार पट ठेवा, म्हणजे आत ०.२ आणि बाहेर ०.६ ते ०.८ मिलिलिटर प्रतितास. कमी ठेवला तर आतली धार आवरण फोडून बाहेर येते. तिसरा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना पीसीएलचा पातळ थर.

पीव्हीए पाण्यात विरघळू नये म्हणून ग्लुटारअल्डिहाइडची वाफ देण्याचा प्रघात आहे. इथे सावध राहा. ते अमीन गटांना पकडतं आणि डॉक्सोरुबिसिनच्या रेणूतही अमीन आहे. मग औषध कमी सुटलेलं दिसतं ते ‘नियंत्रित’ म्हणून नव्हे, कायमचं बांधलं गेलं म्हणून. उरलेलं ग्लुटारअल्डिहाइड स्वतः पेशी मारतं, आणि ते यश औषधाच्या नावावर जमा होतं. म्हणून पेशींवरच्या प्रत्येक चाचणीत औषधाविना, पण त्याच प्रक्रियेतून गेलेला पॅच सोबत हवाच.

पॅचमधला डोस कसा काढायचा?

१ ग्रॅम पॉलिमरला १०० मिलिग्रॅम औषध घातलं तर भरणा १०० भागिले १,१०० म्हणजे ९.१ टक्के. दहा नव्हे. ही चूक प्रबंधांतही सापडते. ४ चौरस सेंटिमीटरच्या, २० मिलिग्रॅम वजनाच्या पॅचमध्ये म्हणून १.८२ मिलिग्रॅम. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात पत्र्याचा मध्य जाड आणि कडा पातळ असतात. पाच ठिकाणचे तुकडे कापा, वजन करा, पूर्ण विरघळवून औषध मोजा. कडेच्या आणि मधल्या तुकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कडा कापून टाका किंवा सुई आडवी सरकवायची सोय करा.

औषध सुटण्याच्या चाचणीत कुठे फसगत होते?

भांड्यात. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळपास विरघळतच नाही. १० मिलिलिटर बफरमध्ये पॅच टाकला की पाणी लगेच संपृक्त होतं आणि आलेख सपाट दिसतो. लोक त्याला मंद, नियंत्रित प्रवाह म्हणतात. भांड्यातल्या द्रवात पॅचमधलं सगळं औषध विरघळून किमान तिपटीची जागा उरायला हवी. त्यासाठी ट्वीन-८० हा साबणासारखं काम करणारा पदार्थ मिसळतात.

तोंडासाठीच्या पॅचला पीएच ६.८ ची कृत्रिम लाळ आणि ३७ अंश घ्या. पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाला नमुना काढा. काढलेल्या द्रवाइतका ताजा द्रव घाला आणि तेवढं औषध हिशोबात परत जोडा. हे जोडायचं राहून गेलं की आलेख मध्येच खाली येतो, जे शक्यच नाही.

तोंडात पॅच टिकत का नाही?

दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ, जिभेचा सततचा चाळा, जेवण, बोलणं. निव्वळ पीव्हीएचा पॅच तिथे थोड्याच वेळात लिबलिबीत होतो. चिकटायला कायटोसॅनसारखं पॉलिमर लागतं. ते एकटं नीट कातलं जात नाही, पीव्हीए किंवा पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या सोबतीने कातावं लागतं. ज्या ॲसिटिक ॲसिडमध्ये ते विरघळवतो ते पूर्ण उडालं नाही तर रुग्णाला झोंबतं.

आणि पाठीला पाणी न शोषणारा थर हवाच. तो नसेल तर अर्धं औषध लाळेबरोबर पोटात जाईल, आणि केमोचं औषध गिळलं जाणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. लायकेन प्लॅनसवरच्या कामात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी चांगली युक्ती केली : पाठीला पीसीएलचे तंतू घातले आणि ते वितळतील इतकंच तापवलं, त्यामुळे तिथे अखंड पडदा तयार झाला.

लावताना जागा कापसाने कोरडी करायची, पॅच ठेवून बोटाने अर्धा मिनिट हलकेच दाबायचं. ओल्या जागी लावलेला पॅच घसरतो.

निर्जंतुक कसा करायचा आणि ठेवायचा कुठे?

ऑटोक्लेव्ह नको. पीसीएल ६० अंशांना वितळतं, १२१ अंशांना तंतूंचा चिखल होतो. २५ किलोग्रे गॅमा किरणांनी पीएलजीएच्या साखळ्या तुटतात आणि तो ठरल्यापेक्षा लवकर विरघळतो, त्यामुळे औषध सुटण्याची चाचणी किरण दिल्यानंतरच्या पॅचवर करा. इथिलीन ऑक्साइडचा अंश उरतो, तो मोजावा लागतो. सगळी प्रक्रिया स्वच्छ कक्षात करणं महाग, पण औषधाला सर्वांत कमी त्रास देणारं.

साठवण आपल्या हवामानात विशेष नाजूक आहे. पीएलजीए ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान मऊ पडतं, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद टेम्पोत तेवढं तापमान सहज होतं. तंतू एकमेकांना चिकटून आखडतात, पॅच लहान आणि ताठ होतो. बाहेरून थोडा चुरगळलेला दिसतो एवढंच. ॲल्युमिनियमच्या बंद पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह, २ ते ८ अंशांत ठेवा आणि पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा, नाहीतर दव पडून पीव्हीए तिथेच विरघळू लागतं.

पॅचमध्ये द्रावक उरलं तर?

आंतरराष्ट्रीय मर्यादा अशा आहेत : क्लोरोफॉर्म दहा लाख भागांत ६०, डायक्लोरोमिथेन ६००, डायमिथाइल फॉर्मामाइड ८८०, मिथेनॉल ३,०००. क्लोरोफॉर्मची मर्यादा पाहिली तर ते का टाळावं हे कळेल. वास येत नाही म्हणजे द्रावक गेलं असं नाही, गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजावंच लागतं.

प्रयोगशाळेत स्वतःला कसं जपायचं?

केमोच्या औषधाची पूड उघड्या टेबलावर तोलू नका, जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच तोला, दुहेरी हातमोजे घालून. पंप आणि व्होल्टेज बंद केलं तरी कलेक्टरवर विद्युतभार उरतो. अर्थिंगची काठी टेकवल्याशिवाय हात लावू नका. इथेनॉल किंवा ॲसिटोनची वाफ आणि ठिणगी एकत्र आली तर पेटी पेट घेते, म्हणून हवा खेचणारा पंखा चालू हवा, पण धार हलणार नाही इतका मंद. उरलेले पॅच, हातमोजे, सुईवरचं फडकं साध्या कचऱ्यात जाता कामा नये. ते सायटोटॉक्सिक अशी खूण असलेल्या पिवळ्या पिशवीत भरून भस्मीकरणाला द्यायचं. सुया वेगळ्या, न भोसकणाऱ्या डब्यात.

हळदीचा पॅच असतो का? घरी हळद लावली तर चालेल?

हळदीतलं कर्क्युमिन भरलेल्या तंतूंवर भारतात भरपूर काम झालं आहे, आणि त्यामागचं कारण रास्त आहे : कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, शरीराच्या पीएचला काही मिनिटांतच मोडू लागतं, आणि तंतूत ते थोडं सुरक्षित राहतं. पण पेशींवर किंवा उंदरांवर दिसलेला परिणाम म्हणजे उपचार नव्हे. घरी चट्ट्यावर हळद लावल्याने आणखी एक घोळ होतो. पिवळ्या रंगाखाली चट्ट्याचा मूळ पांढरा-लाल रंग झाकला जातो आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना नीट दिसत नाही.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर कुठे पाहावं?

भारतातली प्रत्येक वैद्यकीय चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया म्हणजे सीटीआरआयच्या संकेतस्थळावर नोंदवलेली असावी लागते. तिथे कोणालाही मोफत शोध घेता येतो. आजाराचं नाव टाका, शहर पाहा, ‘रुग्णांची भरती चालू आहे’ अशी खूण पाहा. नोंदणी क्रमांक देता येत नसेल तर ती चाचणी समजू नका.

संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळायला हवं. मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईचीही तरतूद आहे. चाचणीच्या औषधाचे पैसे तुमच्याकडून मागितले जात असतील तर सही करण्याआधी त्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीला फोन करा, तिचा क्रमांक संमतीपत्रावरच असतो. आणि एक प्रश्न जरूर विचारा : या चाचणीमुळे माझं ठरलेलं ऑपरेशन किंवा किरणोपचार किती दिवस पुढे जाणार आहेत? उत्तर दिवसांच्या आकड्यात घ्या.

तोंडात चट्टा आहे, दुखत नाही. पॅचची वाट पाहू का?

तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, कारण नसताना दात हलणं, यातलं काहीही असेल तर दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. न दुखणं ही चांगली खूण नाही, सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही. बायोप्सीने कॅन्सर पसरतो असं ऐकलं असेल तर तसं होत नाही. बहुतेक वेळा गालाला भूल देऊन काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, गरज पडली तर एखाददुसरा टाका घालतात, आणि त्याच दिवशी घरी सोडतात.